लेन्स लावताय? मग कॉर्नियाला हवा मिळू द्या की

आमच्या टिळकवाडीतली कॉलेजची पोरं सकाळी डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स लावतात ते रात्री खानापूरच्या बसनं घरी जाऊन तशीच झोपतात, म्हणून लिहालोय. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया, मधोमध जेमतेम ०.५ मिलिमीटर जाड, त्यात रक्तवाहिन्या नसतात, ऑक्सिजन मुख्यतः हवेतनंच घेतो. वर लेन्स, त्यावर मिटलेली पापणी, मग तो सुजतो, सकाळी उठल्यावर सगळं धुरकट आणि बल्बभोवती रंगीत कडं दिसतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर कडेनं बारीक लाल शिरा आत सरकायला लागतात.

तेव्हा झोपायच्या आधी काढायचीच. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा, लेन्स तळहातावर घेऊन ताज्या सोल्युशननं हलकं चोळा, डबीतलं कालचं ओतून टाका, त्यातच भर घालू नका. नळाचं, बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातला अकांथामिबा नावाचा सूक्ष्मजीव कॉर्नियात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात बघा. डबी ३ महिन्यांनी बदला.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सोसत नाही, तर लेन्स लगेच काढा, मेडिकलमधनं मनानं ड्रॉप आणू नका, स्टेरॉइडचे तर नकोच, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जावा आणि लेन्स, डबी दोन्ही सोबत न्या.