मदावर आलेला हत्ती दुरून कसा ओळखावा

२००२ मध्ये कर्नाटकातून सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हत्ती उतरले, तेव्हापासून तिलारी खोऱ्यातील बागायतदारांना केळी-पोफळीच्या नुकसानीचा हिशेब तोंडपाठ झाला आहे. मात्र बागेत शिरलेला नर मदावर आहे की नाही, हे ओळखणे त्याहून निकडीचे आहे. मदकाळात नराच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढते आणि एरवी माणसाला टाळणारा हत्तीही अंगावर येऊ शकतो.

निरीक्षण सुरक्षित अंतरावरून, दुर्बिणीने आणि वारा हत्तीकडून आपल्याकडे येत असतानाच करावे. प्रथम डोळा आणि कान यांच्या मधला भाग पाहावा. तेथील ग्रंथी मदकाळात फुगते, तिच्या छिद्रातून चिकट स्राव पाझरतो आणि गालावरून तोंडाच्या दिशेने काळपट ओघळ उतरतो. आपल्याकडे घोटाळा होतो तो येथेच: तांबड्या चिखलात लोळलेल्या हत्तीच्या गालावरही पट्टे दिसतात, पण चिखल वाळला की फिका पडून त्याला भेगा जातात, तर ताजा ओघळ ओला आणि चकचकीत राहतो. पावसाळ्यात मात्र एका सरीने तो धुऊन जातो, म्हणून केवळ गालावर विसंबू नये आणि मागच्या पायांची आतली बाजूही पाहावी. मद भरात असताना मूत्र सतत ठिबकते, त्यामुळे ती बाजू भिजलेली दिसते व उग्र दर्प दूरवर येतो. ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

या स्रावाचे खरे वाचक इतर हत्ती असतात. सोंडेचे टोक स्रावाला लावून ते टाळूतील छिद्रांशी नेले, की समोरच्या नराची अवस्था त्यांना कळते. कोवळ्या नराच्या मदाला मधासारखा गोडसर वास येतो, तर प्रौढाच्या मदात फ्रंटालिन हे रसायन वाढलेले असते.

नर एकटा दिसला एवढ्यावरून तो मदावर आहे असे समजू नये, कारण वयात आलेले नर कळप सोडतातच. सुळे नाहीत म्हणून ती मादी, हाही तर्क चुकीचा आहे. माकणा, म्हणजे बिनसुळ्याचा नरही मदावर येतो. पिल्लू सोबत असलेल्या मादीपासून मात्र नेहमीच दूर राहावे.

वनविभागाला १९२६ वर कळवताना ओघळ ओला होता की वाळलेला, पाय भिजलेले होते का, वेळ कोणती आणि हत्ती कोणत्या दिशेला गेला, एवढे नेमके सांगावे.