पावसाने तोडलेल्या सामन्याचे लक्ष्य कागदावर कसे काढावे

पन्नास षटकांच्या सामन्यात पहिल्या संघाने २५० धावा केल्या आणि मध्यंतरातील पावसामुळे दुसऱ्या संघाच्या वाट्याला ४० षटकेच आली, तर नुसत्या सरासरीने २०१ धावांचे लक्ष्य निघते. हे लक्ष्य पाठलाग करणाऱ्यांना फार सोपे पडते, कारण त्यांची षटके घटली तरी गडी दहाच्या दहा राहतात आणि तेवढेच गडी कमी षटकांत खर्ची घालायचे असल्यामुळे त्यांना सुरुवातीपासून फटकेबाजी परवडते. यावर उपाय म्हणून पहिल्या डावातील सर्वांत कमी धावांची षटके वगळण्याचा नियम आला, तो दुसऱ्या टोकाला गेला. २२ मार्च १९९२ रोजी सिडनीच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. बारा मिनिटांच्या पावसानंतर त्या एका चेंडूत २१ झाल्या, कारण वगळलेल्या दोन षटकांमुळे लक्ष्य अवघ्या एका धावेने उतरले.

फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी षटके व गडी यांचा एकत्रित विचार केला. त्यांची पद्धत आंतरराष्ट्रीय सामन्यात प्रथम १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथे, झिम्बाब्वे आणि इंग्लंड यांच्या लढतीत वापरली गेली. उरलेली षटके आणि हातातील गडी मिळून संघाकडे धावा करण्याचे किती बळ शिल्लक आहे, ते तक्त्यात टक्क्यांनी दिलेले असते. ५० षटके आणि दहा गडी म्हणजे १००. दहाच गडी ठेवून ४० षटकांना ८९.३, २० षटकांना ५६.६ आणि १० षटकांना ३२.१. आज मोठ्या सामन्यांत स्टीव्हन स्टर्न यांनी सुधारलेली संगणकीय आवृत्ती चालते आणि तिचे आकडे थोडे वेगळे येतात. कागदावर करता येतो तो पुढील हिशेब जुन्या, प्रमाणित तक्त्याचा आहे.

वरच्या उदाहरणात २५० ला ८९.३ टक्क्यांनी गुणले की २२३.२५ येतात. अपूर्णांक सोडून द्यावा आणि एक मिळवावा, लक्ष्य २२४.

डावाच्या मध्येच पाऊस आला, तर खेळ थांबला त्या क्षणीची उरलेली षटके व गडी आणि खेळ पुन्हा सुरू होतानाची उरलेली षटके, एवढी नोंद अचूक हवी. समजा, २५० धावांना उत्तर देताना २० षटकांत दोन गडी बाद झाले असता पाऊस आला आणि दहा षटके वाया गेली. थांबताना ३० षटके व आठ गडी, म्हणजे ६७.३ टक्के शिल्लक होते. परतल्यावर २० षटके व आठ गडी, म्हणजे ५२.४ टक्के. गमावले १४.९, शंभरातून उरले ८५.१, आणि लक्ष्य २१३. आता याच ठिकाणी सहा गडी बाद झाले असते, तर आकडे ३३.६ आणि ३०.८ असते, नुकसान केवळ २.८ टक्क्यांचे झाले असते आणि लक्ष्य २४४ वर राहिले असते. ही वजाबाकी प्रेक्षकांना खटकते, पण चारच गडी उरलेला संघ ती दहा षटके खेळून काढेलच असे नसते, म्हणून त्याला सवलतही थोडीच मिळते.

पहिलाच डाव तुटला तर मात्र लक्ष्य वाढू शकते. ४० षटकांत २ बाद २०० असताना डाव संपवावा लागला, तर १० षटके व आठ गडी यांचे ३०.८ टक्के वापरलेच गेले नाहीत. पहिल्या संघाला ६९.२ टक्केच मिळाले. दुसऱ्या संघाला आरंभापासूनच ४० षटके माहीत असल्याने त्याच्याकडे ८९.३ आहेत. अशा वेळी ८९.३ भागिले ६९.२ असे गुणोत्तर लावू नये, कारण पहिल्या संघाने घेतलेला वेग त्यामुळे अवाजवी फुगतो आणि लक्ष्य २५९ येते. त्याऐवजी टक्केवारीतील फरक, २०.१, हा पूर्ण डावाच्या सरासरी धावसंख्येला लावतात. प्रमुख संघांसाठी ती २४५ धरली जाते. तिचे २०.१ टक्के ४९.२ होतात, ते २०० मध्ये मिळवून लक्ष्य २५०. जिल्हा किंवा शालेय स्पर्धेत २४५ हा आकडा तसाच उचलणे मला पटत नाही. तेथे स्पर्धेपूर्वी दोन्ही संघांच्या संमतीने लहान आकडा ठरवून लिहून ठेवावा.

वीस षटकांच्या सामन्यालाही हाच तक्ता चालतो, फक्त पूर्ण डाव ५६.६ चा धरायचा. १६० धावांनंतर दहाच षटके मिळाली तर ३२.१ ला ५६.६ ने भागून १६० ने गुणावे, लक्ष्य ९१.

खेळ पुन्हा सुरू होण्याची शक्यताच नसेल, तर निकाल त्या क्षणीच्या बरोबरीच्या धावसंख्येवर, म्हणजे तोवर वापरलेल्या टक्क्यांनुसार होणाऱ्या धावांवर लागतो. मात्र पन्नास षटकांच्या सामन्यात दुसऱ्या डावाची किमान २० आणि वीस षटकांच्या सामन्यात किमान ५ षटके झालेली असावी लागतात. ३ मार्च २००३ रोजी दरबानच्या विश्वचषक सामन्यात श्रीलंकेच्या २६८ धावांचा पाठलाग करताना दक्षिण आफ्रिकेच्या ४५ षटकांत ६ बाद २२९ धावा झाल्या होत्या. पाच षटके व चार गडी म्हणजे १४.३ टक्के शिल्लक, वापरलेल्या ८५.७ टक्क्यांनी २६८ चे २२९.७ होतात, अपूर्णांक सोडून २२९. म्हणजे २२९ ला बरोबरी आणि २३० ला विजय. मार्क बाउचर याने मुरलीधरनला षटकार मारून २२९ गाठले आणि तोच विजयाचा आकडा समजून षटकाचा शेवटचा चेंडू नुसता अडवला. पाऊस थांबला नाही, सामना बरोबरीत सुटला आणि यजमान स्पर्धेबाहेर गेले. म्हणून गुणलेखकाने आभाळ भरून आले की प्रत्येक पुढील षटकासाठी, बाद गड्यांच्या संख्येनुसार, बरोबरीचा आणि विजयाचा असे दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत लिहून ड्रेसिंग रूममध्ये पाठवावेत, आणि गडी बाद होताच त्याच षटकाची दुसरी ओळ वाचायची हे कर्णधाराला आधीच सांगून ठेवावे.