पेशी फुटत नाहीये? आधी या चुका तपासा

ई. कोलाय हा जिवाणू ३७ अंशांवर, सकस माध्यमात २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे एक पेशी फुटून दोन होतात, हे सगळ्यांना पाठ असतं. मग सूक्ष्मदर्शीखाली एकच पेशी तासभर ढिम्म पडून राहते आणि आपण स्ट्रेनला (जिवाणूच्या वाणाला) शिव्या घालतो. दोष बहुतेकदा स्ट्रेनचा नसतोच.

रात्रभर वाढवत ठेवलेलं कल्चर (जिवाणूंचं द्रावण) थेट अ‍ॅगरोज पॅडवर, म्हणजे पेशी बघायच्या जेलीच्या चकतीवर, टाकलंत का? त्या पेशी उपाशी आणि आखूड झालेल्या असतात; सावरायला वेळ घेणारच. सकाळी ताज्या माध्यमात १०० पटीने पातळ करून वाढवा आणि ओडी (द्रावणाचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.१-०.२ असतानाच उचला. पॅड साध्या पाण्यात नव्हे, त्याच माध्यमात बनवा आणि कडा सील करा, नाहीतर तो सुकतो. शिवाय ऑइल ऑब्जेक्टिव्ह (तेलाच्या थेंबातून स्लाइडला टेकणारं भिंग) स्लाइडची उष्णता ओढून घेतं. स्टेजवर ३७ दिसलं म्हणजे पेशीला ३७ मिळालं असं नाही.

सगळ्यात फसवी तक्रार म्हणजे शेवया. पेशी लांबत जाते, पण मधोमध पडदा काही पडत नाही. म्हणजे वाढ चालू आहे, विभाजन अडलंय. संशय आधी निळ्या प्रकाशावर घ्या. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) बघायच्या हौसेने दर मिनिटाला तो मारला, की डीएनएला इजा होते, एसओएस ही डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा जागी होते आणि सुलए हे प्रथिन एफटीएसझेड या प्रथिनाचं, पेशी जिथे फुटते तिथलं कडं बनू देत नाही. शेजारचं एक क्षेत्र फक्त फेज कॉन्ट्रास्टमध्ये (निळा प्रकाश न मारता, साध्या प्रकाशात) चित्रित करा. तिथल्या पेशी नीट फुटत असतील, तर गुन्हेगार सापडला. एफटीएसझेडलाच जीएफपी जोडलं असेल, तर त्या जोडणीनेही कडं बिघडू शकतं.

आकडेमोडीतली चूक मला जास्त खटकते: जन्मतः छोट्या किंवा मोठ्या पेशी ‘खराब’ म्हणून वगळणं. पेशी ठरावीक लांबी गाठली की फुटते, हा समज २०१४-१५च्या मोजमापांनी मोडला. जन्माची लांबी काहीही असो, ती साधारण तेवढीच भर घालते. समजा भर २ मायक्रॉनची आहे. २.६ मायक्रॉनची पेशी ४.६ला फुटेल, लेकी २.३च्या, त्यांच्या लेकी २.१५च्या. २ मायक्रॉनपासूनचा फरक दर पिढीला निम्मा होतो. टोकाच्या पेशी आधीच गाळल्यात, तर हे दिसणार कुठे?