संदर्भ निवडताना : कोणता स्रोत कशासाठी वापरावा

एखादा स्रोत चांगला की वाईट, असे सरसकट ठरवता येत नाही. तो आपल्या निबंधात कोणते काम करणार आहे, हे आधी निश्चित करावे लागते. प्राथमिक साधने (मूळ, थेट पुरावा) आणि दुय्यम साधने (त्या पुराव्यावरचे इतरांचे लेखन) ही नेहमीची विभागणीसुद्धा संशोधनाच्या प्रश्नानुसार बदलते.

1998 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सूचित करणारा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात अवघी 12 मुले होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि 2010 मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. लसीच्या सुरक्षिततेवर लिहिणाऱ्याला तो पुरावा म्हणून वापरता येणार नाही. मात्र लसींविषयीची भीती समाजात कशी पसरली, हा विषय असेल तर तोच निबंध प्राथमिक साधन ठरतो, आणि तो मुळातून वाचावाच लागतो. अर्थात तो मागे घेतल्याची नोंद संदर्भासोबत करायलाच हवी.

म्हणून प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर त्या स्रोताचे काम एका वाक्यात लिहून ठेवावे. लेखन-अध्यापनाचे अभ्यासक जोसेफ बिझप यांनी 2008 मध्ये अशी चार कामे सांगितली: पार्श्वभूमी, विश्लेषणाची सामग्री, ज्याच्याशी वाद-संवाद करायचा तो युक्तिवाद, आणि अभ्यासपद्धती. पार्श्वभूमीसाठी विश्वकोश पुरतो. सामग्री वापरताना ती कोणी, कशासाठी आणि कशी गोळा केली, हे तपासावे. युक्तिवाद पारखताना निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग वाचावा. घाईत नेमका तोच गाळला जातो. तज्ज्ञ-परीक्षण (प्रसिद्धीपूर्वी त्या विषयातील इतर तज्ज्ञांनी केलेली तपासणी) झाले आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण वरचा लसीवरील निबंधही त्या चाळणीतून गेलेला होता. 1991 पासून चालू असलेल्या ‘आर्काइव्ह’ (arXiv) सारख्या ऑनलाइन संग्रहातील प्रीप्रिंट, म्हणजे नियतकालिकात छापण्याआधीच खुले केलेले निबंध, परीक्षणापूर्वीचे असू शकतात. त्यामुळे पुढे छापलेली आवृत्ती निघाली असेल तर दोन्ही ताडून पाहाव्यात.

दुसऱ्याच्या निबंधातले अवतरण उचलण्याआधी मूळ पान उघडावे, कारण उद्धृत करताना ‘कदाचित’सारखे सावध शब्द गळून पडतात. मूळ ग्रंथ मिळालाच नाही, तर अवतरण कोणाच्या लेखनातून घेतले ते स्पष्ट लिहावे आणि संदर्भसूचीत आपण प्रत्यक्ष वाचलेलाच ग्रंथ नोंदवावा.