पुण्यातून ब्रिटनला पत्रकारिता शिकायला जाताना

विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना पदवी किंवा पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहसा आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वयंरोजगार चालत नाही. म्हणजे पुण्यातल्या दैनिकासाठी मानधन घेऊन फ्रीलान्स बातमी देणंही अडचणीचं. आधी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला लेखी विचारा.

सर्वांत मोठी चूक कोर्टाच्या बातमीत होते. आपल्याकडे अटक झाली की आरोपीची जुनी प्रकरणं, शेजाऱ्यांची मतं, सगळं छापून येतं. तिथे १९८१च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार अटकेपासूनच प्रकरण ‘चालू’ धरतात; ज्युरीचं, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचं, मत कलुषित होईल असा मजकूर छापला तर खटलाच कोलमडू शकतो. नाव, वय, आरोप, सुनावणीत काय बोललं गेलं, एवढंच लिहा. कोर्टात फोटो आणि परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण बंद, त्यामुळे भरभर टिपणं घ्यायचा सराव इथूनच करा. शिवाजीनगर कोर्टातल्या खुल्या सुनावण्या त्यासाठी उत्तम.

वेळेचं गणितही बदलतं. पुण्याच्या डेस्कला रात्री ८ वाजता मजकूर हवा असेल, तर हिवाळ्यात लंडनमध्ये दुपारचे अडीच झालेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन.