वारांचा क्रम कागदावर मांडून कसा पडताळावा

सात वारांना ग्रहांची नावे आहेत, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु रविवारानंतर सोमवार आणि त्यानंतर मंगळवारच का, याचे उत्तर होरागणनेत दडलेले आहे आणि कागद-पेन्सिल घेऊन ते कोणालाही पडताळता येते.

प्रथम, पृथ्वीवरून ज्याची गती सर्वांत मंद भासते त्या ग्रहापासून आरंभ करून एका ओळीत लिहावे: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. शनीला राशिचक्राची एक फेरी पुरी करण्यास सुमारे २९.५ वर्षे लागतात, गुरूला सुमारे १२, तर चंद्र ती २७.३ दिवसांत उरकतो. रवी व चंद्र यांना ग्रह म्हणणे आज खटकेल, पण या गणितात पृथ्वी स्थिर धरली आहे.

आता अहोरात्राचे २४ भाग, म्हणजे २४ होरा, मांडून त्यांवर ही नावे ओळीने व पुनःपुन्हा लिहीत जावे. शनिवारी सूर्योदयाची पहिली होरा शनीची धरल्यास ८वी, १५वी आणि २२वीही शनीचीच येते. मग २३वी गुरूची, २४वी मंगळाची आणि दुसऱ्या दिवसाची पहिली रवीची. ज्या ग्रहाची पहिली होरा, त्याचा तो वार. चोवीस होरा लिहिण्याचा कंटाळा आल्यास ओळीतील दोन नावे सोडून पुढचे घ्यावे: रवीपासून शुक्र-बुध सोडले की चंद्र, चंद्रापासून शनी-गुरू सोडले की मंगळ. आर्यभटानेही सूर्योदयापासूनचे दिनाधिपती याच ओळीत (आरंभीचा ग्रह धरून) ‘चौथे’ सांगितले आहेत. मात्र मोजणी मध्यरात्रीपासून करू नये. पंचांगातील वार सूर्योदयालाच बदलतो.

ही पद्धत आपल्याकडे मुळापासून नव्हती. वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात तिथी-नक्षत्रांचे गणित आहे, वार नाहीत. ‘होरा’ ही संज्ञाच ग्रीकांकडून आलेली आहे. म्हणून जुन्या लेखातील मितीबरोबर वार आहे की नाही, हेही पाहण्यासारखे असते. तो वाचताना ग्रहांचे पर्याय हाताशी ठेवावेत: इंदुवार म्हणजे सोमवार, भौमवार म्हणजे मंगळवार, भृगुवार म्हणजे शुक्रवार, मंदवार म्हणजे शनिवार. मध्य प्रदेशातील एरण येथील गुप्त राजा बुधगुप्ताच्या स्तंभलेखात गुप्त संवत् १६५, म्हणजे इ. स. ४८४, मधील आषाढ शुद्ध द्वादशीला ‘सुरगुरूचा दिवस’ म्हटले आहे. देवांचा गुरू बृहस्पती, तेव्हा तो गुरुवार होय.