शेतावरून भाजीचा साप्ताहिक वाटा घेताना या चुका टाळा

मखमलाबाद, गिरणारे, दिंडोरी या पट्ट्यातला भाजीपाला नाशिक शहराच्या इतका जवळ पिकतो की सकाळी खुडलेली मेथी दुपारच्या जेवणात असू शकते. शहराभोवतीचे काही शेतकरी हंगामाची वर्गणी आगाऊ घेऊन दर आठवड्याला ठरावीक वजनाची भाजी सभासदांच्या घरी पोचवतात; हाच साप्ताहिक वाटा. पेरणीच्या वेळीच पैसा हाती आल्यामुळे बियाणे आणि मजुरी यांसाठी उधारी करण्याची वेळ त्यांच्यावर कमी येते, आणि आपल्याला आपली भाजी कोणाच्या मळ्यात वाढली हे कळते. ही पद्धत टिकावी असे मला मनापासून वाटते. म्हणूनच सभासद ज्या कारणांनी पहिल्याच हंगामात कंटाळतात, ती कारणे मांडणे मला गरजेचे वाटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे वाटा घेऊनही बाजाराची यादी मनात ठेवणे. वर्गणी भरताना आपण त्या शेताच्या हंगामात सहभागी होतो, त्यामुळे शेतात जे तयार झाले आहे तेच पिशवीत येणार. जून ते सप्टेंबर या काळात सततच्या पावसाने पालेभाज्या सडतात, भारी काळ्या जमिनीत वाफसाच येत नाही, म्हणजे ती मशागत-पेरणीजोगी सुकत नाही; तेव्हा दोडका, घोसाळे, कारले, दुधी, काकडी अशा वेलभाज्यांवर भर असतो. थंडीत मेथी, पालक, मुळा, गाजर, फ्लॉवर, कोबी, वाटाणा यांची रेलचेल होते आणि उन्हाळ्यात गवार, भेंडी, चवळी हाती येते. ऑगस्टमध्ये फ्लॉवर का नाही, असे विचारण्यापूर्वी हे चक्र डोळ्यांसमोर आणावे. प्रथमच वाटा घेणाऱ्याने शक्यतो थंडीच्या हंगामापासून सुरुवात करावी, कारण तेव्हा विविधता सर्वाधिक असते.

दराची तुलनाही याच मनोवृत्तीतून बिघडते. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची आवक वाढून भाव कोसळतात, त्या आठवड्यात वाटा महाग भासतो. पण पावसाने कोथिंबिरीची जुडी कडाडते तेव्हा त्याच वर्गणीत ती मिळालेली असते, हे लक्षात राहत नाही. हिशेब करायचाच असेल तर तो पूर्ण हंगामाचा करावा.

पैसे भरण्यापूर्वी प्रश्न न विचारणे ही पुढची चूक. आठवड्याला साधारण किती किलो भाजी आणि किती प्रकार मिळतील, गारपीट किंवा अवकाळी पावसाने पीक गेले तर भरपाई मिळणार की तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा, गावाला गेल्यास त्या आठवड्याचा वाटा पुढे ढकलता येतो का, आणि काही भाजी दुसऱ्या शेतकऱ्याकडून घेतली जाते का, या चार गोष्टी स्पष्ट कराव्यात. दुसऱ्याकडून घेतलेली भाजी वाईट असते असे नाही, परंतु ते सांगितलेले असावे. भाजी सेंद्रिय असल्याचा दावा असेल तर प्रमाणपत्र कोणते, हे विचारावे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली हंगामी पिकांच्या जमिनीला रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीत रूपांतरासाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षे द्यावी लागतात, तर ‘पीजीएस-इंडिया’ या सहभागी हमीच्या पद्धतीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. लहान उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्रातून सूट असते. अशा वेळी एकदा शेतावर जाऊन कीडनियंत्रण कसे होते ते पाहणे हाच विश्वासाचा मार्ग उरतो. चांगला शेतकरी अशा भेटीचे स्वागतच करतो.

पिशवी घरी आल्यावर

भाजी वाया जाण्याचे खरे कारण बहुधा शेतात नसून घरात असते. आलेली पिशवी तशीच फ्रिजमध्ये कोंबली तर पालेभाजी दोन दिवसांत काळी पडते. पालेभाजी आधी निवडावी, पिवळी व सडकी पाने काढावीत आणि न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी. पाण्याचा अंश राहिला की कुज सुरू होते. मुळा, गाजर आणि बीट यांचा पाला लगेच कापून वेगळा करावा, अन्यथा तो कंदातला ओलावा ओढून घेतो व कंद मऊ पडतात. मुळ्याच्या पाल्याची भाजी मात्र त्याच दिवशी करावी. टोमॅटो फ्रिजबाहेर पिकू द्यावेत, आणि पिकलेले टोमॅटो किंवा केळी पालेभाजीजवळ ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने पिवळी पडतात. कांदे व बटाटेही एकाच टोपलीत ठेवू नयेत.

स्वयंपाकाचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन दिवसांत पालेभाज्या, नंतर भेंडी, गवार, दोडका आणि शेवटी कोबी, गाजर, लाल भोपळा असा क्रम पाळल्यास आठवडा सुरळीत पार पडतो. दोन माणसांच्या घराने मोठा वाटा घेऊ नये. अर्धा वाटा मिळत नसेल तर शेजाऱ्याबरोबर मिळून एक घ्यावा.

फ्लॉवरमध्ये अळी निघाली म्हणून पूर्ण गड्डा टाकून देऊ नये. तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवले की अळ्या बाहेर येतात. वांग्यात शेंडा व फळ पोखरणारी अळी असेल तर तेवढा भाग कापून उरलेले वापरता येते.

दुधीच्या बाबतीत मात्र अजिबात कसर करू नये. दुधीचा लहान तुकडा जिभेला लावून पाहावा, आणि तो कडू लागला तर थुंकून तो दुधी टाकून द्यावा. हा कडूपणा कुकर्बिटासिन या विषारी घटकांमुळे येतो, ते शिजवूनही नष्ट होत नाहीत, आणि कडू दुधीचा रस पिऊन तीव्र उलट्या व रक्तस्राव झाल्याच्या घटना भारतात घडलेल्या आहेत. काकडी, दोडका आणि घोसाळे यांनाही हीच खबरदारी लागू आहे. असा दुधी आल्यास शेतकऱ्याला त्याच दिवशी कळवावे, म्हणजे तो वेल ओळखून त्याची फळे इतर सभासदांकडे जाणे थांबवता येईल.

घरच्या रीतीही सभासद होतानाच सांगून ठेवाव्यात. ज्या घरांत चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी वर्ज्य असतात व चंपाषष्ठीनंतरच वांगे खाल्ले जाते, त्यांनी लागवडीपूर्वी हे कळवले तर त्या महिन्यांत पर्यायी भाजी देणे शेतकऱ्याला सोपे जाते. वांगी तोडून पिशवीत भरल्यावर तक्रार केली तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. बाकीच्या तक्रारीही पिशवी मिळाली त्या दिवशीच, भाजीच्या छायाचित्रासह कराव्यात, कारण चार दिवसांनी ती तोडणीपूर्वी खराब झाली की घरात, हे कोणालाच सांगता येत नाही.